अर्धली सोडून खंडानं घ्यायचंय? पाडव्याआधी एवढं बघून ठेवा

आमच्या मोहोळ-मंगळवेढा पट्ट्यात पाडवा जवळ आला की रानांची बोलणी सुरू होतात आणि दरवर्षी कुणीतरी अर्धलीवाला म्हणतोच, राबायचं आपण अन् निम्मी पोती मालकाच्या घरात, त्यापेक्षा खंड, म्हणजे सालाचं ठरलेलं भाडं, देऊन मोकळं व्हावं. यंदा मीपण त्यातलाच, म्हणून जे बघतोय ते लिहितोय.

आधी वही काढा. मागच्या चार-पाच सालांचा हिशोब, आणि त्यात एक तरी पडकं साल पाहिजेच, नुसती चांगली सालं धरून बसू नका. मालकाला गेलेला निम्मा माल बाजारभावानं मांडा, कडब्यासकट बरं का, मालदांडी ज्वारीचा कडबा काही सालांना दाण्यापेक्षा जास्त हात देतो आणि वाटणीत नेमका तोच मोजायचा राहतो. त्यातनं मालकानं बी-खताला, मळणीला दिलेला निम्मा खर्च वजा करा, कारण खंडात तो सगळा आपल्या अंगावर येणार. उरला आकडा म्हणजे तुम्ही आत्ताच देत असलेला खंड. मालक मागतोय त्याच्याशी तो ताडून बघा.

समजा चार एकराला ४०,००० खंड ठरला. चांगल्या साली तुमचा वहीतला आकडा ५०,००० निघत असेल तर १०,००० वाचले, मस्त. पण हस्त कोरडा गेला, ज्वारीला कणीसच आलं नाही आणि मालकाचा निम्मा जेमतेम १२,००० चा झाला असता, तिथं तुम्ही ४०,००० आधीच मोजलेत, म्हणजे २८,००० गेले आणि जवळजवळ तीन चांगल्या सालांची कमाई एका दमात साफ. अर्धलीत पाऊस रुसला तर मालकपण रुसतो, खंडात एकटे आपण.

पैसे कधी द्यायचे हे आकड्याइतकंच बघा. पाडव्याला रोख द्यायचे आणि हातात नाहीत म्हणून महिन्याला शेकडा तीननं उचलले तर ज्वारी घरात येईपर्यंत दहा महिन्यांचं व्याज १२,०००, म्हणजे खंड ५२,००० चा झाला की! निम्मे पाडव्याला, निम्मे मळणी झाल्यावर असं जमतंय का विचारा, बरेच मालक ऐकतात.

पाण्याचं तोंडावर बोलून घ्या. विहिरीला पाणी कुठवर टिकतं, उजनीच्या कॅनॉलची पाळी त्या रानाला खरंच मिळते का, मोटार जळली तर भरायची कुणी. उसाचं मी बोलत नाही, तो हिशोब वेगळाच.

आता कागद. इथं मालक बिचकतो, १९५७ च्या १ एप्रिलचा कृषक दिन आणि कसणाऱ्या कुळाला रानाचा मालक करणारा कूळ कायदा अजून जुन्या लोकांच्या डोक्यातनं गेलेला नाही, सही केली की रान गेलं असंच वाटतं. आणि त्यांचं अगदीच चूक आहे असं नाही. पण कागद नसला की सातबारा त्यांचा, पीक कर्ज त्यांच्या नावावर, आणि भाडेकरारच नाही म्हटल्यावर पीक विमा आपल्या नावानं उतरत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला तेव्हा सीनाकाठच्या खंडवाल्यांना हे चांगलंच कळलं असणार, पीक ह्यांचं वाहून गेलं आणि मदत सातबाऱ्यावरच्या नावाला. म्हणून भरपाई आली तर कुणाची, हे बोलणी चालू असतानाच ठरवा, पैसे खात्यावर आल्यावर नाही.

एका सालासाठी खंड घेऊ नका. शेणखत टाकायचं, हराळी काढायची आणि पुढच्या पाडव्याला रान दुसऱ्याला, असं होतं. तीन साल मागा.

आणि मालक खंडावर अडून बसला तर मधला रस्ता पण आहे, मी तोच मागणारे: खंड ठरलेला, पण तालुक्यात दुष्काळ जाहीर झाला तर त्या साली निम्मा. बोलायला जाताना चुलत्यांना घेऊन जाणार आहे, मालक त्यांच्या वर्गात होते.