चवथीला किती फोन गेले?

गोव्यात कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत मी चोवीस वर्षं मेंटेनन्स सांभाळला. आता फोंड्याहून अधूनमधून वेर्ण्याच्या कारखान्यांत जातो. ‘आमची कंपनी सतत शिकणारी करायचीय’ म्हणणारा मालक लगेच विचारतो, ट्रेनिंगला खर्च किती? मी आधी लॉगबुक मागतो. त्यात बहुधा एवढंच सापडतं: ‘मशीन ४० मिनिटं बंद. चालू केली.’ का बंद पडली, ते कुणाच्या तरी डोक्यात.

आमच्याकडे पाऊस सुरू झाला की मशीनला कॅप्सूल पुरवणाऱ्या फीडरमध्ये त्या चिकटायच्या. जिलेटिन हवेतला ओलावा ओढून घेतं. एक जुने ऑपरेटर जूनमध्ये न सांगता जाऊन गोदामाचं मागचं दार लावून यायचे. ते निवृत्त झाले आणि आम्ही दोन पावसाळे सप्लायरशी भांडलो.

म्हणून सुरुवात शिफ्ट बदलताना करा. दोन्ही पाळ्यांनी मशीनपाशीच, उभ्यानं, दहा मिनिटं बोलायचं. काय व्हायला हवं होतं, काय झालं, फरक का पडला, उद्या काय बदलायचं? अमेरिकी सैन्यात सरावानंतर असेच प्रश्न विचारतात. आधी हेल्पर बोलेल, सुपरवायझर शेवटी. साहेब आधी बोलले की बाकीचे माना डोलावतात. आणि ही दहा मिनिटं पगारातली हवीत, नाहीतर सगळ्यांचं लक्ष कंपनीच्या बसकडे.

‘का’ विचारताना माणसाच्या नावावर थांबू नका. दार उघडं का? जेवणाच्या सुट्टीत माल उतरतो. तेव्हाच का? गाडीची वेळ तशी ठरलेली. ‘दार लावा’ अशी पाटी आम्ही लावली होती, उपयोग शून्य. गाडीची वेळ बदलली, तेव्हा कॅप्सूल चिकटायच्या थांबल्या.

पहिले काही महिने वहीतल्या चुका वाढतील. मालक इथेच घाबरतात. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांना १९९० च्या दशकात इस्पितळांत हेच दिसलं: चांगल्या चमूंत औषधांच्या चुकांची नोंद जास्त, कारण तिथे सांगायची भीती नव्हती. नोंदीवरून बोनस कापलात तर वही कोरी राहील, चुका तेवढ्याच.

कितपत जमलं, ते चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला कळतं. अर्धी लाइन रजेवर असते. घरी नेवऱ्या खात बसलेल्या ऑपरेटरला कामावरून कशासाठी फोन गेले, ते टिपून ठेवा; तेवढं अजून त्याच्याच डोक्यात आहे. आमच्याकडे पहिल्या वर्षी अकरा गेले, त्यातले सात एकाच सेन्सरसाठी.