दिवाळीनंतर वर्गाची घडी पुन्हा बसवताना

दिवाळीची सुट्टी संपून दुसरं सत्र सुरू झालं की पहिल्याच दिवशी धडा उघडू नका. जूनमध्ये लावलेल्या सवयी पोरं विसरलेली असतात. रागावून त्या परत येत नाहीत, पुन्हा शिकवाव्या लागतात.

माझ्याकडे जिल्हा परिषद शाळेची तिसरी-चौथी एकत्र आहे. मी आधी नुसतं बघते, गोंधळ नेमका कुठे होतो ते. परिपाठाहून वर्गात येताना, वह्या तपासायला देताना, नाहीतर खिचडीच्या सुट्टीनंतर. यातली एकच जागा निवडा. सगळं एकदम बदलायला गेलात तर काहीच टिकत नाही.

समजा, वह्या. टेबलाभोवती गराडा पडतो ना? मग प्रत्येक रांगेला गटप्रमुख द्या. तपासायचं पान उघडं ठेवून वह्या एकावर एक रचायच्या आणि गटप्रमुखाने त्या खिडकीशी नेऊन ठेवायच्या. नुसतं सांगून थांबू नका, मुलांकडून करून घ्या; चुकलं तर शांतपणे पुन्हा. आठवडाभर, रोज. गटप्रमुख दर सोमवारी बदला आणि कोपऱ्यात गप्प बसणाऱ्या मुलीलाही पाळी द्या. जबाबदारी मिळाली की ती बोलायला लागते, हे मी फार आनंदाने पाहिलंय.

आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेली मुलं हंगाम संपल्यावर परततात, कधी मार्च उजाडतो. त्यांच्यासाठी नवी पद्धत चित्रं काढून भिंतीवर लावा आणि शेजारी बसणारा जोडीदार आधीच ठरवून ठेवा.