अर्थमितीचा (आकडेवारीवरून आर्थिक प्रश्न तपासण्याच्या शास्त्राचा) प्रबंध करताय? सीमाभागातल्या विद्यार्थ्यांनो, या चुका टाळा

एम.ए.च्या प्रबंधाची वेळ आली की बहुतेक जण आधी डेटा शोधतात, मग सॉफ्टवेअर, आणि प्रश्न सगळ्यात शेवटी. बेळगावीच्या राणी चन्नम्मा विद्यापीठात शिकणारे असोत की निपाणीहून कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात जाणारे, क्रम हाच. तो उलटा करा. कशाचा कशावर परिणाम तपासायचा आणि ती गोष्ट घडलीच नसती तर काय झालं असतं, हे साध्या मराठीत दोन ओळींत लिहिता येईपर्यंत स्टाटा (आकडेवारीचं सॉफ्टवेअर) उघडूच नका.

आपल्या भागात हे जास्तच महत्त्वाचं, कारण आपल्या दाराशी राज्याची सीमा आहे. सीमेचा उपयोग कसा होतो ते बघा: एप्रिल 1992 मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यानं किमान वेतन तासाला 4.25 डॉलरवरून 5.05 डॉलर केलं, शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते तसंच राहिलं. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी दोन्हीकडच्या फास्ट फूडच्या दुकानांतला रोजगार आधी आणि नंतर मोजून तुलना केली. त्यांचा 1994 चा निबंध आजही वर्गात शिकवतात. तशी तुलना कर्नाटकातलं निपाणी आणि महाराष्ट्रातलं कागल यांच्यात करण्याचा मोह होतो, आणि व्हायलाच हवा. पण नेमकं इथंच पाय घसरतो.

समजा प्रश्न असा: कर्नाटकात 11 जून 2023 पासून ‘शक्ती’ योजनेत बायकांना बसप्रवास मोफत झाला, त्यानं कामावर जाणाऱ्या बायका वाढल्या का? समजा, निपाणीत प्रमाण 6 टक्के-बिंदूंनी वाढलं, कागलमध्ये 4 नं. फरकांचा फरक 2, म्हणून योजनेचा परिणाम 2. गणित बरोबर, निष्कर्ष कच्चा. महाराष्ट्रानं त्याच वर्षी 17 मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट केलं होतं. म्हणजे तुम्ही ‘मोफत विरुद्ध काहीच नाही’ असं मोजलेलं नाही, ‘मोफत विरुद्ध अर्धं’ असं मोजलंय. पुढं ऑगस्ट 2023 मध्ये कर्नाटकात बायकांसाठीच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिना 2,000 रुपये आले, जुलै 2024 पासून पलीकडं महाराष्ट्रात लाडकी बहीणचे 1,500. ‘नंतर’चा सर्व्हे कुठल्या महिन्यात केला, यावर उत्तर बदलतं. त्यातून निपाणीची बाई कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत कामाला जात असेल, तर योजनेचा परिणाम सीमा ओलांडून तुलनेच्या गटातच शिरला. आणि 2023 च्या आधी दोन्हीकडचा कल सारखा होता, हे एकाच जुन्या सर्व्हेतून दाखवता येत नाही. आधीचे किमान दोन-तीन सर्व्हे लागतात. ते मिळत नसतील तर प्रबंधात तसं स्पष्ट लिहा. परीक्षकांना ते प्रामाणिक वाटतं, आणि ते आहेही.

आणखी एक. 600 घरं गाठली म्हणजे 600 स्वतंत्र निरीक्षणं झाली नाहीत. योजना राज्यवार लागू झाली, तुमच्याकडं राज्यं दोनच. नेहमीच्या प्रमाण त्रुटी (अंदाज किती डळमळीत आहे त्याचं माप) घेतल्या की पी-व्हॅल्यू फसवी लहान येते, म्हणजे निव्वळ योगायोगही खरा परिणाम वाटतो. यावर कुठलीही कमांड पूर्ण इलाज नाही. निष्कर्ष बेतानं लिहायचा.

आपल्याकडचा डेटा जोडताना ओळी हमखास गळतात. जिल्ह्याचं अधिकृत नाव 1 नोव्हेंबर 2014 पासून बेळगावचं बेळगावी झालं. नावावर दोन फायली जोडल्या तर जिल्हा अर्धा इकडं, अर्धा तिकडं. नावाऐवजी कोड वापरा. 2011 च्या जनगणनेत निपाणी चिकोडी तालुक्यात आहे, वेगळा तालुका नंतर झाला. पीएलएफएसचा (केंद्राच्या रोजगार सर्वेक्षणाचा) नमुना तालुक्यासाठी आखलेला नाही, त्यातून निपाणीचा आकडा काढू नका. राज्याचा काढतानाही वेटस् (प्रत्येक घर किती घरांच्या वतीनं मोजायचं तो आकडा) लावा.

काळक्रमाच्या डेटात उसाचं क्षेत्र आणि बँकांच्या ठेवी दोन्ही वर्षानुवर्षं वाढत असतील, तर रिग्रेशनमध्ये (एका चलाचा दुसऱ्याशी संबंध मोजण्याच्या पद्धतीत) तो संबंध खरा नसला तरी हमखास दिसतो. आर-स्क्वेअर (मॉडेल डेटाला किती जुळतं) 0.95 आणि डर्बिन-वॉटसन (सलग वर्षांच्या चुका एकमेकींशी बांधलेल्या नसतील तर 2 च्या आसपास येणारा आकडा) 0.4, हे बघून आनंद नको, शंका हवी. ग्रेंजर आणि न्यूबोल्ड या अभ्यासकांनी 1974 मध्येच हा धोका दाखवला. आधी एकक-मूळ चाचणी (मालिका एका पातळीभोवती स्थिर आहे की भरकटते ते बघणारी) करा, मग लागोपाठच्या वर्षांतला फरक घ्या किंवा सहसंकलन (दोन्ही मालिका दीर्घकाळ बरोबरीनं चालतात का) तपासा.

रिग्रेशनमधल्या गुणकाचं चिन्ह अपेक्षेच्या उलटं आलं तर लगेच चलं बदलू नका. सोयीचं उत्तर मिळेपर्यंत चलं बदलत राहणं ही माझ्या मते सगळ्यात वाईट सवय. आधी कच्चा डेटा बघा: ‘माहीत नाही’साठी टाकलेला 99 वय म्हणून मोजला गेलाय का? उत्पन्नाचा लॉग घेतला तेव्हा शून्य उत्पन्नवाली घरं (शून्याचा लॉग निघत नाही) गुपचूप वगळली गेली का? प्रत्येक रिग्रेशनखालचा निरीक्षणांचा आकडा मागच्या रिग्रेशनशी ताडून बघा, आणि डू-फाइल (दिलेल्या सगळ्या कमांडची नोंद) पहिल्या दिवसापासून ठेवा.