कापसाच्या पट्टीवर कोडिंग कसं शिकायचं

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, मी सात हंगाम काट्यावर बसलो. भरल्या गाडीचं वजन घ्यायचं, मग रिकामीचं, ओल पाहायची, पट्टी (वजन आणि भावाची पावती) फाडायची. शिक्षण बी.ए., तेही बाहेरून. आता नागपुरात सॉफ्टवेअर डेव्हलपर आहे. गावाकडची पोरं फोन करतात आणि पहिलाच प्रश्न, "दादा, कोणता कोर्स लावू?"

कोर्स नंतर. आधी असा एक हिशोब निवडा जो तुम्ही झोपेतही करू शकता. दूध संकलनावर असाल तर फॅट आणि लिटरचा, कृषी केंद्रात असाल तर उधारीचा, बचत गटाचं रजिस्टर तुमच्याकडे असेल तर व्याजाचा. प्रोग्राम चालला म्हणजे तो बरोबर आहे असं नवशिक्याला वाटते. उत्तर आधीच माहीत असलं तरच चूक दिसते.

मी उलटं केलं होतं. तालुक्याच्या गावी क्लास लावला, बारा हजार भरले. सरांनी फळ्यावर लिहिलं, आम्ही उतरवलं. कॅल्क्युलेटर झाला, विद्यार्थ्यांची यादी झाली, प्रमाणपत्र मिळालं. घरी येऊन कोरी फाईल उघडली तर एक ओळ सुचेना. ते प्रमाणपत्र आजही आईच्या पेटीत आहे, माझ्या अर्जाला कधी लावलं नाही.

खरं शिक्षण ओलीपासून सुरू झालं. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदीचा नियम काट्यावरच्या माणसाला पाठ असतो: ओल ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, त्याच्या वर दर टक्क्याला भावात एक टक्का कपात, १२ च्या वर माल घेत नाहीत. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. ओल १० निघाली तर दोन टक्के कमी, म्हणजे ७,३७०.५८. मी शिकलो तेव्हाचा भाव वेगळा होता, पण हिशोब असाच.

आता हेच पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत सांगायचं. 'इफ'मध्ये (जर) ८ पर्यंतची अट, 'एलिफ'मध्ये (नाहीतर जर) १२ पर्यंतची, 'एल्स'मध्ये (नाहीतर) गाडी परत. सात-आठ ओळींचं काम. माझ्या प्रोग्रामनं ९ ला बरोबर भाव दिला, ११ ला दिला, १३ ची गाडी परत पाठवली. मी खूश. मग सहज १२ टाकले, तर तीही गाडी परत! मी अट 'बारापेक्षा लहान' अशी लिहिली होती, 'लहान किंवा बरोबर' लिहायचं राहिलं. काट्यावर असं केलं असतं तर गाडीवाल्यानं मलाच काट्यावर उभं करून मोजलं असतं. क्लासातल्या विद्यार्थ्यांच्या यादीत ही चूक मला जन्मात सापडली नसती.

तेव्हा अट लिहिली की तिच्या बांधावरचे आकडे टाकून पाहा: ८, ८.१, १२, १२.१. नंतर मुद्दाम वेडंवाकडं टाका. ओलीची जागा रिकामी सोडा. वजनात 'वीस' असं अक्षरात लिहा. मराठी अंकांची तर वेगळीच गंमत आहे. कोडमध्ये थेट १२ असा मराठी आकडा लिहिला तर पायथन एरर देते. पण वापरणाऱ्यानं टाकलेलं '१२' तुम्ही 'इंट'मधून (अक्षरांचा पूर्णांक करणारी सोय) नेलं तर ते निमूटपणे बारा धरते. यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली, पण पुढं याच प्रोग्रामवर जिनिंगच्या शेठजींच्या मुनीमकाकांनी पट्टी मराठी अंकांत भरली आणि चालली.

पैशाच्या बाबतीत एकच सांगतो: हिशोब रुपयांत नाही, पैशांत ठेवा (७५ रुपये म्हणजे ७,५०० पैसे), पूर्णांकात, रुपये फक्त छापताना. दशांशाचं पायथनमध्ये खरं नसते. ०.१ आणि ०.२ मिळवून पाहा. ०.३ नंतर शून्यांची रांग आणि टोकाला ४ दिसेल.

सामानाला फार लागत नाही. मी सीताबर्डीवरून जुना लॅपटॉप आणला, ८ जीबी रॅमचा. बॅटरी धरते का हे तिथंच तपासा, कारण लाइन जाणारच. मोबाईलवरही कोड लिहिता येतो, पण आठ दिवसांत कंटाळाल. पायथन, कोड लिहायचा व्हीएस कोड, कोडमधले बदल जपून ठेवणारं गिट, सगळं फुकट आहे. शिकायला फ्रीकोडकॅम्प ही वेबसाइट आहे, हार्वर्डचा सीएस फिफ्टी हा कोर्स आहे. इंग्रजी अडत असेल तर आयआयटी मुंबईची स्पोकन ट्युटोरियल मराठीतही आहेत. तिन्ही एकदम उघडू नका. आणि एररला भिऊ नका, पायथनची एरर खालून वर वाचत जा: शेवटच्या ओळीत काय बिघडलं ते असते, त्याच्या वर कुठं ते.

वेळ कुठून काढायचा? जिनिंग दिवाळीपासून उन्हाळा लागेपर्यंत जोरात, पावसाळ्यात यंत्रं बंद. मी तीन पावसाळे धरले. आई म्हणे, "रातभर त्या डब्यात काय पाह्यतं रे, वावरात तरी येत जाय." गेलो वावरातही. डवरणीच्या दिवसांत कोड नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. त्यामुळे अपराधी वाटलं नाही.

एआयला विचारायला हरकत नाही, पण आधी स्वतः लिहा आणि मग "हे कुठं फसेल?" असं विचारा. आयतं लिहून घेतलं तर १२ ओलीच्या गाडीचं काय झालं हे तुम्ही पाहणारच नाही.

पट्टीचा प्रोग्राम चालू झाला की तो गिटहबवर (कोड सगळ्यांना दाखवायची वेबसाइट) टाका, सोबत मराठीत नाही तर मोडक्या इंग्रजीत चार ओळी लिहा: कोण वापरते, काय चुकलं होतं, कसं सुधारलं. अर्जात जुनं काम लपवू नका. मी पहिल्या दोन-तीन अर्जांत जिनिंग खाली ढकललं होतं, उत्तर आलं नाही. मग 'काटा, सात हंगाम' सगळ्यात वर ठेवलं. दुकानांचं बिलिंग बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीनं बोलावलं. पदवीवर दोन मिनिटं गेली, पट्टीवर पाऊण तास. समोरच्यानं विचारलं, "ओल बरोबर बारा आली तर?"

पहिला पगार काट्यावरच्यापेक्षा जेमतेम जास्त होता, आणि नागपूरची खोली, खाणावळ वेगळी. पहिले पाच महिने मी हंगामाच्या शिलकीवर काढले. म्हणून काटा सोडण्याआधी एका हंगामाचे पैसे बाजूला ठेवा, आणि शेठजींशी बोलून निघा. पट्टीत काही अडलं तर मुनीमकाका अजून मलाच फोन करतात.