पेशी आणि रेणूंचा पुरावा, दोन्ही एकाच मायक्रोस्कोपमधून कसं बघायचं

सजीव पेशींचे बनलेले असतात आणि सगळे पदार्थ अणूंचे बनलेले असतात, ही दोन वाक्यं आपण सगळ्यांनी पाठ केलीत आणि बहुतेकांचा विषय तिथेच संपला. मला हे फार खटकतं, कारण दोन्ही गोष्टी स्वतः बघता येतात, पेशी तर सरळ डोळ्यांनी आणि रेणू (म्हणजे अणू जोडून बनलेले कण) त्यांच्या धक्क्यांमधून, आणि दोन्हीला शाळेतला साधा मायक्रोस्कोप पुरतो. रॉबर्ट ब्राउन नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञाने या दोन्ही गोष्टींवर जगाचं लक्ष वेधलं, १८२७ मध्ये पाण्यातल्या कणांची न थांबणारी थरथर आणि १८३१ मध्ये पेशीतलं केंद्रक, आणि त्याच्याकडे बहुतेक वेळा एकाच भिंगाचा मायक्रोस्कोप असायचा. म्हणजे आपल्याकडे त्याच्यापेक्षा बरं साधन आहे.

काय लागेल: ४एक्स, १०एक्स आणि ४०एक्स लेन्स असलेला मायक्रोस्कोप, काही स्लाईड आणि कव्हरस्लिप, चिमटा, ड्रॉपर, टिश्यू पेपर, आयोडीनचं पातळ द्रावण, एक कांदा (लाल-जांभळा मिळाला तर उत्तम), मीठ, थोडं दूध, व्हॅसलिन आणि पारदर्शक प्लास्टिकची पट्टी.

१. पापुद्रा काढा

कांदा उभा चिरा आणि आतली एक जाड रसरशीत पाकळी घ्या. तिच्या आतल्या, म्हणजे खोलगट बाजूला एक पातळ पारदर्शक पापुद्रा असतो, पाकळी मोडली की तो कडेला सुटतो, तिथे चिमट्याने धरून हळूच ओढायचा. नखाएवढा तुकडा खूप झाला. काढल्या काढल्या पाण्यात टाका, नाहीतर तो लगेच सुकतो आणि गुंडाळतो आणि मग सरळ करता करता फाटतो. हा पापुद्रा एकाच थराच्या पेशींचा असतो, म्हणून तर सगळे कांदाच वापरतात, एकावर एक थर आले की काहीच स्पष्ट दिसत नाही.

२. स्लाईड बनवा

स्लाईडवर पाण्याचा थेंब, त्यावर पापुद्रा घडी न पडू देता पसरवा, मग आयोडीनचा एक थेंब (कपड्यांना आणि बोटांना डाग पडतो, सांभाळून) आणि दोनतीन मिनिटं थांबा. कव्हरस्लिप वरून सपाट टाकू नका, एक कड पाण्याला टेकवून तिरकी धरा आणि हळूहळू खाली येऊ द्या म्हणजे हवा बाजूने निघून जाते. जास्तीचं पाणी टिश्यूने टिपून घ्या. काळ्या जाड कडेचे गोल गोल दिसले तर ते हवेचे बुडबुडे आहेत, पेशी नव्हेत, नवीन माणूस हमखास त्यांनाच बघत बसतो.

३. फोकस

सुरुवात कायम ४एक्सने. बाजूने बघत लेन्स स्लाईडच्या जवळ आणा आणि मग डोळा लावून लेन्स लांब नेत नेत फोकस करा, उलटं केलं तर लेन्स काचेवर आदळते. नंतर १०एक्स, आणि ४०एक्सवर गेल्यावर मोठ्या चाकाला हात लावायचाच नाही, फक्त बारीक चाक. उजेड कमी केला की कडा जास्त उठून दिसतात, हे बरेच जण करत नाहीत आणि मग मायक्रोस्कोपला नावं ठेवतात.

आता लांबट खोल्या एकमेकींना चिकटून बसलेल्या दिसतील. खोल्यांच्या ज्या रेषा दिसतात ती पेशीभित्तिका, आणि प्रत्येकीत पिवळसर तपकिरी ठिपका, बहुतेक वेळा कडेला सरकलेला, ते केंद्रक. कडेला का, तर मधली जवळजवळ सगळी जागा रिक्तिकेने म्हणजे पाणीदार रसाच्या पिशवीने व्यापलेली असते.

४. पेशी मोजा

ही पायरी गाळू नका, इथूनच पुढचा हिशोब निघतो. ४एक्सवर पारदर्शक पट्टी ठेवून गोलाच्या आरपार किती मिलिमीटर दिसतात ते बघा. समजा ४.५ आले, तर १०एक्सवर तोच गोल १.८ मिलिमीटरचा होतो आणि ४०एक्सवर ०.४५ चा. १०एक्सवर लांबीच्या दिशेने सहा पेशी मावल्या तर एक पेशी ०.३ मिलिमीटर. सजीवाचा मूलभूत घटक म्हणतात तो हा, आणि तो आपण प्लास्टिकच्या पट्टीने मोजला.

५. मीठ टाकून पटल बघा

हा माझ्या मते सगळ्यात सुंदर भाग आहे. पेशीभित्तिकेच्या आत पेशीचं खरं वेष्टन, म्हणजे पटल असतं पण ते भिंतीला इतकं घट्ट चिकटलेलं असतं की दिसतच नाही. ते दिसण्यासाठी नवीन तुकडा घ्या, आयोडीन न लावलेला, कारण आयोडीनने पेशी मरते आणि मेलेल्या पेशीत हे होत नाही. जांभळ्या कांद्याच्या पाकळीच्या बाहेरच्या बाजूची रंगीत साल घ्या, त्या पेशींच्या रिक्तिकेत जांभळा रस असतोच, वेगळा रंग लावायची गरज नाही. १०० मिली पाण्यात ५ ग्रॅम मीठ विरघळवा, कव्हरस्लिपच्या एका कडेला थेंब सोडा आणि समोरच्या कडेला टिश्यू लावून पाणी ओढून घ्या, मिठाचं पाणी आपोआप आत येतं.

काही मिनिटांत जांभळा भाग भिंतीपासून सुटून आकसायला लागतो, भिंत जागच्या जागी राहते आणि मध्ये मोकळी जागा पडते. त्या जांभळ्या गोळ्याची कड म्हणजे पटलाची जागा. पाणी बाहेर गेलं पण रंग आतच राहिला, म्हणजे काय जाऊ द्यायचं आणि काय नाही हे पटल ठरवतंय. आता त्याच पद्धतीने साधं पाणी आत ओढा, पेशी परत भरतात. निदान बऱ्याच तरी भरतात, फार वेळ मिठात ठेवल्या असतील तर नाही.

६. आता रेणूंकडे

पातळ केलेल्या दुधाचा एक थेंब स्लाईडवर घ्या, चमचाभर पाण्यात दुधाचे एकदोन थेंब एवढंच प्रमाण. कव्हरस्लिप ठेवून चारही कडांना व्हॅसलिन लावा म्हणजे पाणी वाहणार नाही आणि सुकणारही नाही. पाचेक मिनिटं स्थिर होऊ द्या, टेबलाला धक्का नको, आणि ४०एक्सवर बघा.

स्निग्धाचे बारीक गोळे दिसतील आणि सगळ्यात लहान गोळे जागच्या जागी थरथरत असतील, कधी इकडे कधी तिकडे, कसलीच दिशा नाही. सगळे एकाच बाजूला सरकत असतील तर तो नुसता प्रवाह आहे, अजून थांबा. मोठे गोळे जवळजवळ स्थिर आणि लहान जास्त चंचल दिसले की ओळखा, हीच ती ब्राउनियन गती.

ब्राउनला ही हालचाल परागकणांच्या आतल्या सूक्ष्म कणांमध्ये दिसली होती आणि त्याला आधी वाटलं की हा जिवंतपणाचाच गुण असावा. पण तो तिथे थांबला नाही, त्याने काचेची, दगडांची, अगदी स्फिंक्सच्या तुकड्याचीही पूड करून पाण्यात टाकली आणि ते कणही तसेच नाचले! म्हणजे हे जीवाचं लक्षण नव्हतं. कारण मात्र त्यालाही सापडलं नाही, ते १९०५ मध्ये आइन्स्टाइनने गणिताने मांडलं. पाण्याचे रेणू सगळ्या बाजूंनी त्या कणावर सतत आदळत असतात, पण एखाद्या क्षणी एका बाजूचे धक्के थोडे जास्त पडतात आणि कण हलतो. मोठ्या कणावर ते धक्के एकमेकांना जवळजवळ पुरते खोडतात, लहानावर नाही. १९०८ पासून जाँ पेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने असे कण मोजून मोजून रेणूंचा आकडा (ठराविक वजनात किती रेणू असतात तो) काढला आणि अणू खरंच असतात का हा वाद मिटला. त्याला १९२६ चं नोबेल मिळालं.

७. शेवटचा हिशोब, कागदावर

आपली पेशी ०.३ मिलिमीटर लांब, रुंदी आणि जाडी साधारण ०.०६ धरा, तर आकारमान ०.००१ घन मिलिमीटरच्या आसपास येतं. ती जवळजवळ पाणीच आहे असं मानलं आणि १८ ग्रॅम पाण्यात ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके रेणू असतात हे वापरलं, तर एका पेशीत ३ वर १६ शून्य इतके रेणू निघतात. केंद्रकाचंही असंच करून बघा, त्यात डीएनए म्हणजे आनुवंशिक माहितीचा शिडीसारखा धागा असतो: कांद्याच्या डीएनएच्या एका संचात सुमारे १६ अब्ज जोड्या (शिडीच्या पायऱ्या), पेशीत असे दोन संच, आणि दर जोडीला ०.३४ नॅनोमीटर (मीटरचा अब्जावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर) लांबी. उत्तर जवळपास ११ मीटर येतं. माणसाच्या पेशीत हेच सुमारे २ मीटर असतं, त्यामुळे डीएनए जास्त म्हणजे जीव जास्त गुंतागुंतीचा हे समीकरण डोक्यातून काढून टाका.

लेन्स कितीही भारी घेतली तरी यातला एक सुटा अणू तिच्यातून दिसणार नाही. साध्या उजेडावर चालणाऱ्या मायक्रोस्कोपला ०.२ मायक्रॉनपेक्षा (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जवळचे दोन बिंदू वेगळे दाखवता येत नाहीत, ही मर्यादा प्रकाशाच्या तरंगलांबीमुळे येते, जर्मन भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट आबेने १८७३ मध्येच ते दाखवलं होतं, आणि अणू त्याच्याही हजारपट बारीक. त्याच्या आतलं केंद्रक (नाव तेच पण पेशीच्या केंद्रकाशी संबंध नाही) अणूच्या आणखी हजारो पटींनी लहान, त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन, आणि ते अप आणि डाउन या दोन प्रकारच्या क्वार्कचे, म्हणजे त्यांच्याही आतल्या कणांचे. बाहेर इलेक्ट्रॉन. कांदा, दूध, काचेची स्लाईड आणि बघणारा डोळा, सगळं याच तिघांचं (अप, डाउन आणि इलेक्ट्रॉन), आणि क्वार्क किंवा इलेक्ट्रॉनच्या आत आणखी काही भाग असल्याचं आजवर कुठल्याही प्रयोगात सापडलेलं नाही.