वर्गात क्लेची स्टॉप मोशन फिल्म: फोन एक, क्ले मूठभर आणि टेबल अजिबात हलवायचं नाही

स्टॉप मोशन म्हणजे पात्र थोडं थोडं हलवून दर वेळी एक फोटो काढायचा आणि मग ते फोटो भराभर पळवायचे, की पात्र आपणहून हलल्यासारखं दिसतं. वर्गात पहिल्यांदा असं क्ले ॲनिमेशन करायला घेतलं तेव्हा माझं सगळं लक्ष क्लेकडे होतं, रंग कुठले घ्यायचे, किती घ्यायचे, मुलांना नीट वळता येईल का वगैरे. गोगलगाय एकदम झकास झाली. फिल्म लावली तर गोगलगाय बाजूलाच राहिली, अख्खं जग भूकंप झाल्यासारखं थरथरत होतं, मधेच चित्र गुलाबी होत होतं, आणि गोष्ट तर अर्ध्यावरच संपली कारण पोरांनी तीन लढाया आणि एक अंतराळयान प्लॅन केलं होतं आणि आमचा वेळ पहिल्या लढाईच्या आधीच संपला. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे, की क्लेचे रंग आणि आकार कसेही असले तरी चालतात, कॅमेरा हलायला नको आणि गोष्ट छोटी हवी. खाली जे लिहिलंय ते सगळं या दोन गोष्टींसाठीच आहे असं समजा.

आधी हिशोब, आणि तो मुलांनाच करू द्या. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमने, म्हणजे २४ स्थिर चित्रांनी चालतो, पण ॲनिमेशनवाले बऱ्याचदा एकच पोझ दोन-दोन फ्रेम ठेवतात, म्हणजे सेकंदाला १२ फोटोंत काम भागतं. मी वर्गात १० घेते. थोडं अडखळत दिसतं पण क्लेला ते शोभतं, आणि भागाकार सोपा पडतो. आता फळ्यावर लिहा, ३० सेकंदांच्या फिल्मला ३०० फोटो. एका गटाला सवय झाल्यावर मिनिटाला तीन-चार फोटो निघतात, म्हणजे नुसतं शूटिंगच दीड तास. हे गणित झालं की अंतराळयान आपोआप कमी होतं, तुम्हाला नाही म्हणायची वेळच येत नाही.

पहिली फिल्म तर १० सेकंदांचीच करा, १०० फोटो. आणि गोष्ट एका वाक्यात सांगता आली पाहिजे. "गोळा उठतो, दुसरा गोळा बघतो, त्याला गिळतो, पोट फुगतं." बास. मी मुलांना एका कागदाला घड्या घालून सहा चौकोन करायला आणि त्यांत चित्रं काढायला लावते आणि प्रत्येक चौकोनाखाली फोटोंचा आकडा लिहायला सांगते, उठणं १५, बघणं १०, असं. एवढाच आमचा स्टोरीबोर्ड.

क्लेबद्दल थोडक्यात. तेलातली क्ले घ्या, जी वाळत नाही. पाण्याची माती किंवा पिठाचा डो शूटिंग चालू असतानाच वाळतो, तडे जातात, मग तिसऱ्या मिनिटाला तुमच्या हिरोला सुरकुत्या. गंमत म्हणजे प्लॅस्टिसिन ही न वाळणारी क्ले १८९७ मध्ये इंग्लंडमधल्या विल्यम हार्बट नावाच्या एका कलाशिक्षकानेच आपल्या विद्यार्थ्यांसाठी बनवली होती, म्हणजे मूळ वर्गातलीच वस्तू आहे ही. थंडीत कडक होते, तर आधी पाच मिनिटं हातात मळायला द्या. हलका रंग आधी, गडद नंतर, कारण काळ्या क्लेचे हात पांढऱ्याला लागले की संपलं. ओले वाइप्स जवळ ठेवा. पांढऱ्याचं पात्र शक्यतो करूच नका, धूळ आणि बोटं सगळं दिसतं.

पात्र कसं असावं तर बुडाशी जड. पोरांना लगेच लांब पायांचा माणूस करायचा असतो, आणि तो दहाव्या फोटोला तोंडावर पडतो. गोळा, अळी, गोगलगाय, भूत, ज्याला पायच नाहीत असलं काहीतरी. चालवायचं म्हणजे नुसतं सरकवायचं, मान थोडी मागेपुढे केली की चालल्यासारखंच वाटतं. पात्र मोठं असेल तर आत ॲल्युमिनियम फॉइलचा गोळा घाला, वजन पण कमी आणि क्ले पण वाचते. हात हवेच असतील तर बारीक मऊ तार पीळ देऊन आत घाला, नाहीतर हात वर करून ठेवला की तो हळूहळू खाली येत राहतो आणि फिल्ममध्ये पात्र दमल्यासारखं दिसतं. डोळ्यांना छोटे मणी लावा, ज्यांच्या भोकात टोकदार काडी घालून डोळा फिरवता येतो. नुसते डोळे फिरले तरी पात्र जिवंत होतं, खरं सांगते, वर्ग ओरडतो ते बघून.

आता माझी सगळ्यात लाडकी टीप. पहिली फिल्म वरून शूट करा. म्हणजे टेबलावर रंगीत कार्डशीट चिकटवायची, त्यावर क्लेची चपटी पात्रं ठेवायची आणि फोन वरून सरळ खाली बघणारा. काही पडत नाही, काही तोलायचं नाही, चेंडू हवेत उडवायचा तर नुसता शीटवर वर सरकवला. उभा सेट दुसऱ्या फिल्मला. वर्गात व्हिज्युअलायझर असेल, तोच पुस्तकाचं पान स्क्रीनवर दाखवायला वापरतात तो, तर तो तसाही खालीच बघत असतो, लॅपटॉपला जोडा आणि झालं. नसेल तर दोन बाजूला सारख्या उंचीचे पुस्तकांचे गठ्ठे, मधे लांब लाकडी पट्टी आडवी, फोन पट्टीवर स्क्रीन वर करून आडवा आणि कॅमेरा कडेच्या बाहेर, खाली बघणारा. पट्टी गठ्ठ्याला चिकटपट्टीने बांधा, फोन पट्टीला बांधा, गठ्ठे टेबलाला बांधा. चिकटपट्टीत कंजुषी करू नका. टेबल डुगडुगतं असेल तर पायाखाली कागदाची घडी, आणि बाक वापरणार असाल तर त्या बाकावर कोणी बसायचं नाही, टेकायचं नाही, दप्तर ठेवायचं नाही.

वरून शूट करताना एक लोचा होतो जो मला दोनदा नडला तेव्हा कळला. फोन आडवा झोपलेला असला की त्याला वर-खाली कळत नाही, त्यामुळे मधेच चित्र उभ्याचं आडवं होतं. आमचे चाळीस फोटो आडवे आणि पुढचे तीस उभे. म्हणून ऑटो रोटेट बंद. एअरप्लेन मोड चालू, नाहीतर ऐन रंगात कोणाचा तरी फोन येतो आणि फोन थरथरला की फ्रेम गेली. चार्जर लावला तर वायर टेबलाच्या पायाला चिकटवा, लोंबती ठेवली तर कोणीतरी पायात अडकवणार म्हणजे अडकवणारच.

मग ते गुलाबी चित्र. फोनचा कॅमेरा प्रत्येक फोटोला स्वतःच ठरवतो किती उजेड घ्यायचा, फोकस कुठे, रंग कसे, आणि प्रत्येक वेळी थोडं वेगळं ठरवतो. एकेका फोटोत कळत नाही, पण सेकंदाला दहा पळाले की दिवा लुकलुकतोय असं दिसतं. म्हणून फोकस आणि एक्सपोजर (म्हणजे उजेड) लॉक करायचं, बहुतेक फोनात स्क्रीनवर बोट दाबून धरलं की लॉक होतं, ॲपमध्ये कॅमेरा सेटिंगमध्ये असतं, आणि तिथे व्हाइट बॅलन्स (म्हणजे रंगांची छटा) पण लॉक करता येत असेल तर करून टाका. खिडकीचा पडदा ओढा, ढग आला-गेला की सगळा सेट बदलतो. वर्गातले दिवे आणि एक टेबल लॅम्प, एवढं पुरे. तरी आमचं गुलाबी जाईना. मग लक्षात आलं, क्ले हलवणारी मुलगी लाल स्वेटर घालून सेटच्या अगदी जवळ उभी राहत होती, स्वेटरवरून उजेड उडून पांढऱ्या शीटवर पडत होता आणि ती जवळ-लांब होईल तसा रंग बदलत होता. तेव्हापासून नियम, फोटोच्या वेळी सगळे एक पाऊल मागे आणि दर वेळी त्याच जागी.

ॲपचं म्हणाल तर फोन किंवा टॅबवर स्टॉप मोशन स्टुडिओ, फुकट व्हर्जनमध्ये शाळेपुरतं सगळं होतं. लॅपटॉप आणि वेबकॅम असेल तर बोट्स ॲनिमेटर फुकट आहे. दोन्हीत ओनियन स्किन मिळतं, म्हणजे मागचा फोटो पुसट दिसतो आणि त्यावरून कळतं आता किती सरकवायचं. हे एक फीचर नसेल तर ॲप बदला, बाकी फिल्टर-बिल्टर काही लागत नाही. काहीच नसेल तर साध्या कॅमेऱ्याने फोटो काढा आणि नंतर कॉम्प्युटरवर शॉटकट या व्हिडिओ एडिटिंगच्या प्रोग्राममध्ये इमेज सिक्वेन्स म्हणून, म्हणजे ओळीने पळणारे फोटो म्हणून घ्या, फक्त फाइलींचे नंबर ओळीने हवेत. फोटो काढताना स्क्रीनवर टॅप केलं की फोन हलतो, तर वायरच्या इयरफोनचं व्हॉल्यूम बटण दाबून बघा, बऱ्याच फोनात त्याने फोटो निघतो. नाहीतर दोन सेकंदांचा टायमर.

गट चारचा. दोघं क्ले हलवणार, एक कॅमेरा, एक मोजणारा. मोजणाऱ्याचं काम सगळ्यात महत्त्वाचं, तोच "हात बाहेर" ओरडतो, मग क्लिक, मग तो वहीत रेघ मारतो, मग "हलवा". दर २० फोटोंनी कामं बदला. पाचवं मूल गटात आलं की ते टेबलाला टेकतं, हा निसर्गनियम आहे. प्ले करून बघायला दर १० फोटोंनी द्या, अजिबात न देणं क्रूरपणा आहे आणि दर दोन फोटोंनी दिलं तर फिल्मच होत नाही. एखाद्या फोटोत बोट आलं तर पुढे जा, नंतर तो एक काढून टाकता येतो, सगळं थांबवायचं नाही.

हलवायचं किती, यावर मात्र थोडा वेळ घालवा कारण फिल्म इथेच चांगली-वाईट होते. मुलं सगळं सारख्या अंतराने सरकवतात आणि पात्र सरकत्या जिन्यावर उभं असल्यासारखं दिसतं. खरी वस्तू हळू सुरू होते, मधे जोरात जाते, थांबताना परत हळू. म्हणजे २ मिलिमीटर, ५, १०, १०, ५, २. शीटच्या कडेला पट्टी ठेवून, फ्रेमच्या बाहेर, पेन्सिलीने खुणा करून ठेवायच्या. पडणाऱ्या चेंडूचं तर अजून भारी आहे. थांबलेली असताना सुटून पडणारी वस्तू सारख्या वेळात १, ३, ५, ७ या प्रमाणात अंतर कापते, हे गॅलिलिओने दाखवलं. तर चेंडू १ सेंटीमीटर, मग ३, मग ५, मग ७ सरकवा, चार फोटोत १६ सेंटीमीटर, आणि एकदा दर फोटोला ४-४ सरकवून पण शूट करा. दोन्ही शेजारी लावून दाखवले की मुलं स्वतःच सांगतात कुठला खरा पडतोय आणि कुठला लिफ्टने येतोय. विज्ञानाच्या तासाला हेच वापरा. टेकल्यावर एक फोटो चेंडू चपटा करायचा, पुढच्या फोटोत उभट, मग परत गोल. चपटा केला तर रुंद पण करा, नाहीतर क्ले गायब झाल्यासारखी वाटते.

डोळे मिचकावणं म्हणजे तीन फोटो, अर्धे, बंद, अर्धे, त्यासाठी क्लेच्या चपट्या पापण्या वरून चिकटवायच्या. बोलायचं असेल तर तीन तोंडं आधीच करून ठेवा, मिटलेलं, अर्धं, आ वासलेलं, आणि दोन-दोन फोटोंनी बदला. ओठ शब्दाशी नेमके जुळतात की नाही कोणी बघत नाही. आणि सुरुवातीला ५ आणि शेवटी १० फोटो काहीही न हलवता काढा, हे सगळे विसरतात आणि मग फिल्म डोळ्याची पापणी लवेपर्यंत संपते.

एक सीन एका बैठकीत संपवा. मधेच तास संपला तर शेवटचा फोटो ॲपमध्ये उघडा ठेवून ओनियन स्किनवरून परत लावता येतं, पण टेबलाच्या पायांभोवती जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा केल्या असतील तरच, आणि तरी थोडा धक्का दिसतोच. त्यापेक्षा नवीन सीन नवीन अँगलने सुरू करा, कोणाला कळत पण नाही.

आवाज सगळ्यात शेवटी, आणि इथे घाई करू नका. फोन तोंडाजवळ धरून, पंखा बंद करून. गिळण्याचा "गटक" तोंडाने, सरकण्याचा आवाज वहीवर हात घासून. दुसऱ्याचं गाणं उचलून लावू नका, पुढे फिल्म कुठे टाकायची झाली तर अडतं, मुलांनी बाक वाजवून केलेलं संगीत जास्त मजेशीर असतं. शेवटी नावं येतात तिथे मुलांचे फोटो टाकायचे असतील तर पालकांना आधी विचारा, नाहीतर प्रत्येकाने क्लेमध्ये आपला एक छोटा चेहरा करायचा आणि तोच दाखवायचा, आम्ही हेच करतो.

फिल्म एक्सपोर्ट करून दुसरीकडे कॉपी झाल्याशिवाय ॲपमधला प्रोजेक्ट डिलीट करू नका. क्ले रंगवार वेगळी करत बसू नका, जी मिसळली ती तपकिरी होते, तिचा एक मोठा गोळा करून डब्यात ठेवा, पुढच्या वेळी डोंगर, दगड आणि जमीन त्यातूनच निघते.