मंडळाचं कार्याध्यक्षपद हुकल्यावर: मला लागू पडलेला क्रम

लक्षण: गणेशोत्सव मंडळाच्या बैठकीत कार्याध्यक्षपदासाठी दुसऱ्याचं नाव ठरतं आणि मग ग्रुपवरचा प्रत्येक निरोप टोचतो, बैठकीला पाय निघत नाही. फार जड दिवस असतात ते.

न चाललेलं: ग्रुपवर कारण विचारणं (चारचौघांत समिती फक्त बचाव करते), ग्रुप सोडणं, जवळच्यांकडे नाराजी बोलणं.

चाललेलं, याच क्रमाने. त्याच रात्री ग्रुपवर एकच ओळ: ‘अभिनंदन दादा, कामाला आहेच.’ पुढे स्पष्टीकरण नाही. दुसऱ्या दिवशी नव्या कार्याध्यक्षांना छोटासा फोन, निवडीचा विषय न काढता. आठवड्याने समितीतल्या एका ज्येष्ठांना एकटं भेटून विचारायचं: ‘काका, या पदासाठी मी अजून कोणतं काम हाताळलेलं असायला हवं?’ ‘मला का नाही?’ असं विचारलं की सांत्वन मिळतं. पण ‘कोणतं काम हवं?’ असं विचारलं की कामाचं नाव मिळतं. हिशेब, परवानग्या, वर्गणी, काहीतरी ठोस.

मग तेच काम मागून घ्यायचं, पण सीमा असलेलं. इंदुरात विसर्जनाची वाहनव्यवस्था यासाठी उत्तम. अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्यांच्या, म्हणजे सजवलेल्या देखाव्यांच्या, मिरवणुकीमुळे राजवाड्याकडची वाहतूक वळवतात, म्हणून मार्ग, गाडी, चालकाचा नंबर आणि निघायची वेळ आधीच लिहून ठरवावी लागते. खर्चाची मर्यादा किती आणि अंतिम निर्णय कार्याध्यक्षांचाच, हेही लेखी घ्या. ते राहिलं तर कार्यकर्ते दोघांना विचारू लागतात आणि मंडळात दोन गट पडतात. कुणी थेट तुम्हालाच विचारलं, तर ‘दादांना विचारून सांगतो’ म्हणा आणि खरोखर विचारा.